विंडोज ११ टाकल्यावर काट्याचं फोल्डर 'अॅक्सेस डिनाइड' म्हणते, अॅडमिनमधून मात्र चालते

काटाघर_राळेगाव

नमस्कार मंडळी. राळेगाव तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये मी काट्यावर बसतो. कापसाची गाडी आली का भरलेलं वजन घ्याचं, माल खाली झाला का रिकाम्या गाडीचं घ्याचं, आन् निव्वळ वजनाची पावती शेतकऱ्याच्या हातात द्याची. काम एवढंच. पण सीझनमध्ये ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची लाईन गेटच्या बाहेर रोडवर जाते, आन् कॉम्प्युटर जरासा अडला का लोक काचेवर टकटक कराले लागतात.

आमच्या शेटजीनं कोणाकडून तरी ऐकलं का विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ले बंद झाला. मंग काय, ऐन कापसाच्या तोंडावर फर्मान निघालं. मशीन आय-फाइव्ह आठव्या पिढीची, ८ जीबी रॅम, म्हणून ११ बसलं. तालुक्याहून एक पोट्टा आला, सी ड्राइव्ह साफ करून विंडोज ११ प्रो टाकून गेला. डी ड्राइव्हले त्यानं हात लावला नाई, कारण काट्याचा सगळा डेटा तिथंच आहे. लॉगिनही पयलेच्याच नावानं बनवून देल्ले. 'दिवाणजी' अॅडमिन, 'काटा' साधा.

आता भानगड पाहा. 'काटा' मधून डी वरचं फोल्डर उघडतच नव्हतं, अॅक्सेस डिनाइड. दिवाणजीच्या लॉगिनमधून 'कंटिन्यू' दाबलं तर उघडलं. त्या पोट्ट्याले फोन केला, त्यानं फोनवर सांगून सांगून 'काटा'ले रीडची परवानगी देवविली. आता सॉफ्टवेअर उघडते, जुन्या पावत्या दिसतात, पण नवी पावती सेव्ह कराले गेलो का एरर येते, 'ऑपरेशन मस्ट यूज अॅन अपडेटेबल क्वेरी'. रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर केलं तर सगळं गुमान चालते. पण त्याले दिवाणजीचा पासवर्ड लागते, आन् दिवाणजी जेवाले घरी गेले का गाड्या उभ्या.

सिक्युरिटीच्या टॅबमध्ये पायलं तर दोन ठिकाणी नावाच्या जागी एस-१-५-२१ आन् पुढं हातभर आकडे. 'अकाउंट अननोन' म्हणते. आम्ही तर नावं तेच ठेवले!

अजून एक. दिवाणजीच्या लॉगिनमध्ये कवा कवा काट्याचं वजनच येत नाई. 'कॉम ३ अॅक्सेस डिनाइड' (कॉम ३ म्हणजे काट्याची वायर लागते तो पोर्ट). हे पण परवानगीचंच असते का?

सॉफ्टवेअर जुनं आहे, बनवणारा आता ते काम करत नाई. डेटा एमडीबी फाइलमध्ये (अॅक्सेसचा डेटाबेस) आहे. कोणाले माहीत असंल तर सांगजा.

---

तुमसरचा_भाऊ

कायले डोस्कं लावता. 'काटा'ले अॅडमिन करून टाका, यूएसीचा (परवानगी इचारणाऱ्या खिडकीचा) दांडा खाली ओढा, फोल्डरले एव्हरीवन फुल कंट्रोल. आमच्या राईस मिलमध्ये असंच आहे, कोणाची काई तक्रार नाई.

---

अचलपूरचा_मिस्त्री

तुमसरच्या भाऊंचा उपाय चालत नाही असं नाही. चालतो, म्हणूनच तर विदर्भातल्या निम्म्या ऑफिसात तोच करून ठेवलेला सापडतो. पण काट्याच्या मशीनले दिवसभर कोणकोणाचे पेनड्राइव्ह लागतात ते मी पाहिलेलं आहे. ड्रायव्हरले गाणे टाकून पाहिजे असतात, ग्रेडरले आपला फोटो प्रिंट करून पाहिजे असतो. अॅडमिन लॉगिनमध्ये त्यातून एखादा किडा आत आला तर त्याले पूर्ण घर मोकळं. ज्या मशीनवर शेतकऱ्याचं वजन लिहिलं जाते तिथं हे करू नका. तुमचं काम त्याच्याशिवाय होते.

पहिले 'अकाउंट अननोन'चं. विंडोज फोल्डरवर 'काटा' हे नाव लिहून ठेवतच नाही. प्रत्येक खातं बनते तेव्हा त्याले एक नंबर मिळते, त्याले एसआयडी म्हणतात, आणि फोल्डरची परवानगी त्या नंबरच्या नावानं असते. गावात एकाच नावाचे दोन माणसं असले तरी तलाठी सातबारा गट नंबरवरून काढतो, तसंच हे. सी साफ झाला, जुने खाते गेले. नवीन 'काटा' बनवला, नाव तेच पण नंबर दुसरा. डी वरच्या फोल्डरले मात्र अजून जुनाच नंबर माहीत आहे, आणि त्या नंबरचं खातं या मशीनवर कोणाचंच नाही. म्हणून तो नुसते आकडे दाखवते. त्या पोट्ट्यानं सी न पुसता जुन्यावरच अपग्रेड केलं असतं तर खाते तेच राहिले असते आणि हा प्रश्नच उठला नसता. अर्थात साफ मशीन चांगली चालते, त्याचंही चूक नाही.

आता एक गोष्ट माझ्या ध्यानात येते. वेगळ्या ड्राइव्हवर नवीन फोल्डर बनवलं तर विंडोज आपोआप सगळ्या लॉगिन केलेल्या युजरले त्यात लिहू देते. तुमच्याकडे तसं नाही, म्हणजे आधी कोणीतरी मुद्दाम त्या फोल्डरचा वारसा (वरून आपोआप येणाऱ्या परवानग्या) तोडून फक्त दोन खात्यांले हक्क दिले होते. म्हणजे तुमच्या ऑफिसात कोणीतरी विचार करणारा माणूस होता. त्याचं काम मोडू नका, नव्यानं लावा.

दिवाणजीच्या लॉगिनमधून, सॉफ्टवेअर बंद करून:

फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अॅडव्हान्स्ड. वर 'ओनर' दिसते. तिथंही आकडेच असतील तर चेंज दाबून 'अॅडमिनिस्ट्रेटर्स' लिहा, खालच्या 'रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स' वर टिक करा. मग आकड्यांच्या ओळी निवडून रिमूव्ह. त्या पोट्ट्यानं दिलेली 'काटा'ची रीडची ओळ पण काढा, उगीच गोंधळ नको. आता अॅड करून 'युजर्स' हा गट घ्या आणि त्याले 'मॉडिफाय' द्या. फुल कंट्रोल नाही. मॉडिफायमध्ये वाचणं, लिहिणं, पुसणं सगळं आलं. फुल कंट्रोलमध्ये वरून परवानग्या बदलायचा आणि मालकी घ्यायचा हक्क येते, तो काट्यावरच्या माणसाले लागत नाही. शेवटी 'रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट परमिशन एंट्रीज' वर टिक, अप्लाय.

'काटा' हे नाव न देता 'युजर्स' गट काऊन घ्यायला सांगतो? कारण या गटाचा नंबर प्रत्येक विंडोजमध्ये एकच असते, एस-१-५-३२-५४५. अॅडमिनिस्ट्रेटर्सचा ५४४. उद्या परत कोणी सी पुसला तरी डी वरची परवानगी जशीच्या तशी लागू राहील. तुम्ही स्वतः बनवलेल्या गटाचं तसं नाही, तो सी बरोबर जाते.

परवानगी फाइललेच नाही तर पूर्ण फोल्डरले द्यायची, हे विसरू नका. तुमची ती 'अपडेटेबल क्वेरी'ची एरर तिथूनच येते. एमडीबी उघडली की तिच्या बाजूले त्याच नावाची एक छोटी एलडीबी फाइल बनते, कोण आत बसलं आहे त्याची नोंद म्हणून. बाहेर पडला की ती पुसल्या जाते. फोल्डरमध्ये नवी फाइल बनवायचा हक्क नसला तर एलडीबी बनत नाही, आणि डेटाबेस नुसता वाचायपुरता उघडते. जुन्या पावत्या दिसतात, नवी बसत नाही. तुमच्याकडे हेच होऊन रायलं.

झाल्यावर त्याच अॅडव्हान्स्डच्या खिडकीत 'इफेक्टिव्ह अॅक्सेस' नावाची टॅब आहे. तिथं 'काटा' निवडून पाहा. खरोखर काय मिळते ते तिथं दिसते, लॉगिन बदलत बसायची गरज नाही.

एखाद्या फाइलवर छोटं कुलूप दिसलं तर मात्र हात थांबवा आणि इथं लिहा. ते परवानगीचं नसते, फाइल एन्क्रिप्ट केलेली असते, आणि मालकी घेऊन काही उघडत नाही.

कॉम ३ चं तर परवानगीशी काही घेणंदेणं नाही. 'अॅक्सेस डिनाइड' असं लिहून येते म्हणून माणूस फसते. सिरियल पोर्ट एका वेळी एकच प्रोग्राम धरू शकते. तुम्ही 'काटा' मधून साइन आउट न करता 'स्विच युजर' करून दिवाणजीले मशीन देता का? मग तुमच्या लॉगिनमधलं सॉफ्टवेअर मागं चालूच असते, पोर्ट धरून बसलेलं. टास्क मॅनेजर उघडून युजर्सची टॅब पाहा.

---

काटाघर_राळेगाव

मिस्त्री, तुमचे पाय कुठं आहेत! ओनरच्या जागी आकडेच होते. तुम्ही सांगतलं तसं केलं, 'काटा' मधून पावती सेव्ह झाली, दिवाणजीचा पासवर्ड लागला नाई. एलडीबी बनताना आन् पुसताना डोळ्यानं पायली. आतापर्यंत मले ती फाइल म्हणजे कचरा वाटे.

कॉमचं पण तुम्ही म्हणता तसंच निघालं. दिवाणजी विंडोज आन् एल दाबून आपलं नाव निवडतात, आन् माह्यं सॉफ्टवेअर मागं तसंच उघडं. आता आमच्यात ठरलं, खुर्ची सोडाची तर साइन आउट करूनच सोडाची.

पण आता नवीनच निघालं. 'काटा' मधून पावती फाडली तर नंबर एक येते, दिवाणजीच्या लॉगिनमधून फाडली तर दुसराच. काल दोन ट्रॉल्यांले एकच पावती नंबर गेला. एक वडकीकडचा शेतकरी, एक इथलाच. वजन बरोबर, गाडी नंबर बरोबर, पण अकाउंटवाला म्हणते का एका नंबरवर दोन बिलं कशे लावू. लाल पेनानं 'अ' आन् 'ब' लिहून भागवलं. डेटा तर एकाच फोल्डरमध्ये आहे, मंग नंबर दोन कुठून येऊन रायले?

---

अचलपूरचा_मिस्त्री

सॉफ्टवेअर आता कुठं टाकलं आहे? प्रोग्राम फाइल्समध्ये असंल तर मले उत्तर माहीत आहे.

---

काटाघर_राळेगाव

हो, प्रोग्राम फाइल्स, कंसात एक्स ८६ लिहिलेलं. पयले सी मध्येच 'काटा' नावाचं सुटं फोल्डर होतं. आताच्या फोल्डरमध्ये एक आयएनआय फाइल (सेटिंगची) आहे, नोटपॅडमध्ये उघडली तर 'लास्ट नंबर' असं लिहून आहे.

---

अचलपूरचा_मिस्त्री

मग सापडलं.

प्रोग्राम फाइल्समध्ये साध्या युजरले लिहिता येत नाही. विंडोज व्हिस्टापासून हा नियम कडक झाला. पण तेव्हा तुमच्यासारखे हजारो जुने सॉफ्टवेअर आपल्याच फोल्डरमध्ये लिहीत होते, ते सगळे एकदम बंद पडले असते. म्हणून विंडोजनं एक पळवाट ठेवली. जुना ३२ बिटचा प्रोग्राम तिथं लिहायले गेला तर त्याले नाही म्हणायचं नाही, गुपचूप त्या युजरच्या घरात एक नक्कल बनवायची आणि तिच्यात लिहू द्यायचं. प्रोग्रामले वाटते आपण मूळ फाइलमध्येच लिहिलं. या जागेचं नाव व्हर्च्युअलस्टोअर. युजर्समध्ये तुमच्या नावाच्या फोल्डरात अॅपडेटा, त्यात लोकल, त्यात व्हर्च्युअलस्टोअर. अॅपडेटा लपलेलं असते, व्ह्यूमधून हिडन आयटम्स चालू करा.

'काटा'ची एक आयएनआय, दिवाणजीची दुसरी, आणि रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर केलं होतं तेव्हा प्रोग्राम फाइल्समधली मूळची तिसरी. तिन्हीत 'लास्ट नंबर' वेगळा असंल, उघडून पाहा. पावत्या एका एमडीबीत जातात कारण ती डी वर आहे. नंबर मात्र ज्याचा त्याच्या घरचा.

पहिले सी च्या तोंडाशी सुटं फोल्डर होतं म्हणून हे कधी झालं नाही. तिथं बनवलेल्या फोल्डरमध्ये साधा युजरही लिहू शकते.

करायचं असं. प्रोग्राम फाइल्सची परवानगी सैल करू नका. सॉफ्टवेअर काढून डी वर डेटाच्या बाजूले एका फोल्डरमध्ये टाका, त्याले पण युजर्सले मॉडिफाय. तिन्ही आयएनआयमधला सगळ्यात मोठा नंबर आणि एमडीबीतल्या शेवटच्या पावतीचा नंबर, दोन्हींत जो मोठा तो नवीन आयएनआयमध्ये लिहा. मधात काही नंबर सुटले तर सुटू द्या. सुटलेल्या नंबरचा खुलासा देता येते, एकाच नंबरच्या दोन पावत्यांचा देताना घाम फुटते. व्हर्च्युअलस्टोअरमधल्या फाइलचं नाव बदलून बाजूले ठेवा, पुसू नका, अकाउंटवाल्याले मेळ लावायले कामी येईल.

---

वरूडकर_ताई

मिस्त्रींनी सांगितलेलं सगळं बरोबर आहे, माझी एकच हरकत. मी एका पतसंस्थेचे कॉम्प्युटर सांभाळते, म्हणून ही सवय. मॉडिफायमध्ये पुसण्याचाही हक्क आहे, हे मिस्त्री एका वाक्यात सांगून गेले. काट्यावर बसणारा कोणीही सीझनच्या सगळ्या पावत्यांची एमडीबी एका डिलीटमध्ये घालवू शकतो. मुद्दाम नाही म्हणत मी, माउस घसरतो माणसाचा. आणि आतली नोंद बदलणं तर परवानगीनं अडवता येत नाही. एमडीबी ही साधी फाइल आहे, जो पावती लिहू शकतो तो आतली जुनी पावती बदलूही शकतो. त्यावर कुलूप हवं असेल तर वेगळा डेटाबेस सर्व्हर लागतो, तो या जुन्या सॉफ्टवेअरला जमणार नाही.

म्हणून नक्कल अशा ठिकाणी ठेवायची जिथं 'काटा'ला हात घालता येत नाही. वेगळ्या डिस्कवर एक फोल्डर करा, त्याचा वारसा तोडा, फक्त अॅडमिनिस्ट्रेटर्स आणि सिस्टीमला फुल कंट्रोल ठेवा. युजर्सचं नावच नको. टास्क शेड्युलरमध्ये दिवाणजींच्या नावानं रोजची नक्कल लावा, फाइलच्या नावात तारीख येईल अशी. वेळ काटा बंद झाल्यानंतरची पण मशीन बंद करण्याआधीची घ्या, कारण रात्री लाईनचा काही भरवसा नसतो. बाजूला एलडीबी दिसत असेल तर कोणीतरी अजून आत आहे असं समजा आणि तेव्हा नक्कल घेऊ नका, अर्धवट फाइल येते.

आणि तुमचा अकाउंटवाला कोणत्या मशीनवर बसतो? तो हाच डेटा नेटवर्कवरून पाहत असेल तर पुढचा फोन त्याचाच येईल.

---

काटाघर_राळेगाव

ताई, तुमाले कसं कळलं? सकाळीच आला तो. मागच्या खोलीत त्याची विंडोज १० ची मशीन आहे. शेअर दिसते, उघडाले गेलं का नाव-पासवर्ड मागते. पयले काई मागत नव्हतं म्हणते.

---

वरूडकर_ताई

पूर्वी तुमच्याकडे पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करून ठेवलेलं असणार, म्हणजे कोणीही गेस्ट म्हणून आत. नव्या विंडोजमध्ये ते सुरू असतं. आणि ११ प्रोच्या २४एच२ या आवृत्तीपासून तर शेअरवर डिजिटल सही लागतेच, ती गेस्टला करता येत नाही. नेटवर तुम्हाला ही सगळी बंधनं काढायच्या युक्त्या सापडतील, कुणी एसएमबी १ (शेअरिंगची जुनी, असुरक्षित पद्धत) चालू करायलाही सांगेल. नका करू.

काट्याच्या मशीनवर 'हिशेब' नावाचं एक साधं खातं बनवा आणि त्याला पासवर्ड द्याच. रिकाम्या पासवर्डचं खातं विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही, फक्त समोर बसून चालतं. बरेच लोक इथं अडकतात. मग अकाउंटच्या मशीनवर शेअर उघडताना एकदा 'हिशेब' आणि पासवर्ड टाकून 'रिमेंबर' वर टिक. नाव घेत नसेल तर आधी काट्याच्या मशीनचं नाव, मग उलटी तिरकी रेघ, मग 'हिशेब', असं लिहा.

शेअरिंगच्या टॅबमधली परवानगी वेगळी आणि सिक्युरिटीच्या टॅबमधली वेगळी. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही लागतात, आणि दोन्हींत जी कमी असेल तीच मिळते. शेअरमध्ये 'हिशेब'ला रीड द्या. त्याला नुसतं पाहायचंच आहे ना? पावती त्यानं का बदलावी?

---

तुमसरचा_भाऊ

ताई, रीड देल्लं तर मघाची एलडीबी बनन का?

---

वरूडकर_ताई

बनणार नाही, आणि इथं तेच हवं आहे. त्याच्याकडे नुसतं वाचायपुरतं उघडेल. पण त्यात एक खोच आहे. एलडीबी बनवता येत नसेल तर काही वेळा त्याचा प्रोग्राम फाइल एकट्याच्या नावानं उघडायला जातो, आणि काट्यावर कोणी आत असेल तर त्याला 'फाइल आधीच वापरात आहे' असं येतं. तसं झालं तर त्याला चालू फाइल न देता आदल्या संध्याकाळची नक्कल एका वेगळ्या शेअरमध्ये द्या. बिलं दुसऱ्या दिवशी लागतात, त्याचं काही अडत नाही.

---

काटाघर_राळेगाव

झालं. सॉफ्टवेअर डी वर टाकलं. तीन आयएनआय खरंच निघाल्या, तिन्हीत नंबर वेगळे. सगळ्यात मोठा दिवाणजीच्या घरात होता, एमडीबीतल्या शेवटच्या पावतीशी तोच जुळला, तिथून पुढं चालू केलं. दोन्ही लॉगिनमधून एकेक पावती फाडून पायली, नंबर पाठोपाठ आले.

अकाउंटवाल्याले ताईनं सांगतलं तेच झालं, 'वापरात आहे' म्हणे. त्याले संध्याकाळची नक्कल देल्ली. पयल्या दिवशी तोंड वाकडं केलं, आता म्हणते का हेच बरं, मधातच आकडे बदलत नाईत. नक्कल सुटते साडेसातले. सीझनमध्ये तवाही एखादी ट्रॉली काट्यावर उभीच असते, म्हणून बॅच फाइलमध्ये एलडीबी असंल तर नक्कल घेऊ नको अशी ओळ टाकून घेतली, आन् टास्क रात्री नऊपर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासानं परत चालाले लावला.

तुमसरचे भाऊ, तुमच्या राईस मिलची फाइल पण एमडीबीच आहे का?

---

तुमसरचा_भाऊ

हो बाप्पा. आन् प्रोग्राम फाइल्समध्येच आहे. पाहून सांगतो.